बाबांचं खरं वय

"वय किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौसष्ट," बाबा म्हणाले.

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते.

डॉक्टरांनी टूडी इकोचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मग म्हणाले, "सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस." आणि कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून अंगभर रक्त जातं त्या तोंडाशी एक झडप असते. उतारवयात तिच्यावर चुन्यासारखा थर साचतो, ती कडक होते, पुरती उघडत नाही. बाबांची झडप जेमतेम किलकिली होत होती. म्हणून दम लागत होता, म्हणून ते गोडाऊनच्या गेटवर उभ्या उभ्या चक्कर येऊन पडले होते.

"गोळ्यांनी झडप मोकळी होत नाही. बदलावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "आता कुठली बसवायची ते वयावर आहे. साठीच्या आसपास असतील तर बहुतेक धातूची. ती टिकते, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. सत्तरी ओलांडली असेल तर टिश्यू व्हॉल्व्ह, म्हणजे जनावराच्या ऊतीपासून बनवलेली. तिला ती गोळी जन्मभर लागत नाही. म्हणून विचारतोय. आधारवरचं नको, खरं सांगा."

"त्र्याहत्तर," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरांनी आकडा खोडून नवा लिहिला आणि पुढच्या तपासण्यांची यादी दिली. मला रडू येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही. त्या खोलीतला पंखा फार आवाज करत होता, एवढं आठवतं.

मी भिवंडीत आशा वर्कर आहे. लूमच्या वस्तीत घरोघर फिरते, गरोदर बायकांच्या नोंदी ठेवते, लसीकरणाला बाळं गोळा करते. सत्तरीच्या पुढच्यांना सरकारी आयुष्मान कार्ड मिळायला लागलं, तेव्हा वस्तीतल्या म्हाताऱ्यांची कार्डं काढायचं काम आमच्याकडेच आलं. कितीतरी चाचा, आजी, मावश्यांसमोर कार्डाचा फोटो काढायला मी मोबाइल धरला आहे. त्यात उत्पन्न विचारत नाहीत. आधीचा आजार असला तरी चालतो, वाट पाहायची मुदत नाही. घरातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, योजनेतल्या दवाखान्यात. हे सगळं मी झोपेतही सांगेन.

फक्त माझ्या बापाचं कार्ड निघत नव्हतं. वय आधारवरून ठरतं, आणि आधारवर बाबा चौसष्टचे होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आणि तो अंधार मीच केला होता. बाबा आयुष्यभर लूम कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. सेठने माग भंगारात काढले तेव्हा बाबा साठीला टेकले होते. गोडाऊनवर वॉचमन हवे होते, पण एजन्सी पंचावन्नच्या वरचा माणूस घेत नव्हती. त्याच सुमाराला वस्तीत आधारचा कॅम्प लागला. तेव्हा पुरावा नसला तरी सांगाल ती जन्मतारीख लिहून घेत. फॉर्म मी भरला. बाबा म्हणाले, "नऊ वर्सं कमी कर." मी केली. आम्ही दोघं हसलोही होतो. भिवंडीत असे कितीजण आहेत ते मला माहीत आहे, कारण कार्ड काढताना तेच माझ्यासमोर मान खाली घालतात. काहींची वर्षं कामासाठी कमी केलेली, काहींची निराधारच्या पगारासाठी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी, वाढवलेली.

कुणी विचारेल, राज्याची रेशनकार्डावरची उपचारांची योजना होती ना? होती. तिला वयाची अट नाही. पण बाबांचं नाव अंबाडीपलीकडच्या आमच्या गावच्या कार्डावर, काकांच्या नावाखाली. काका वारले, केवायसी झाली नाही, कार्ड बंद पडलं. ते सुटायला किती महिने लागतील हे कुणी सांगेना. डॉक्टरांनी आम्हाला महिने दिले नव्हते. "आठवड्यांत बोला," असं म्हणाले होते.

म्हणजे रस्ता एकच होता. आधारवरचं वय खरं करायचं.

घरी येऊन मी बाबांना हे सांगितलं. ते गणवेशाच्या शर्टाला इस्त्री करत होते. डॉक्टरांनी ड्युटी बंद सांगितली होती, तरी दर दोन दिवसांनी तो शर्ट इस्त्रीखाली जायचाच.

"वय खरा केला तं ड्युटी जायल माझी," ते म्हणाले.

"बाबा, तशीही पासष्टला काढतातच की."

"वर्स हाय ना अजून."

"झडप बदलली नाही तर वर्ष कुठून येणार?"

ते इस्त्री फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी सरकारकडं खोटा बोललो, आता त्याच सरकारकडं जाऊन सांगू का मी खोटारडा हाय?"

मी म्हणाले, खोटं मी लिहिलं. ते म्हणाले, सांगितलं मी. पुढे आठ दिवस आम्ही याच दोन वाक्यांवर होतो. मी कामावर जात होते, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना कार्डाचे फायदे सांगत होते, आणि माझाच आवाज मला लांबून ऐकू येत होता. तेव्हा मला त्यांचा राग येत होता, हे लपवून काय करायचं. जीव जायची वेळ आलीय आणि माणूस वॉचमनकी धरून बसलाय, असं वाटे. ती नोकरी म्हणजे त्यांना काय होतं ते मला कळलं नव्हतं.

नवव्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आले तर बाबा नव्हते. मी दारातच उभी राहिले. त्यांना जिना उतरायची बंदी होती. शेजारच्या खालाने सांगितलं, रिक्षा करून गेले. अर्ध्या तासाने आले. दर दोन पायऱ्यांना थांबत वर चढले आणि पलंगावर बसले. बराच वेळ नुसते श्वास घेत होते. हातातली पिशवी रिकामी होती. गणवेश, शिट्टी, ओळखपत्र, सगळं देऊन आले होते.

"सांगून आलो," ते म्हणाले.

"काय?"

"त्र्याहत्तर."

"सुपरवायझर काय म्हणाला?"

बाबा म्हणाले, "बोलला, चाचा, हमको तो पहले दिन से मालूम था."

मी हसले. मग पाहिलं तर बाबा हसत नव्हते. इतकी वर्षं ते गेटवर ताठ उभे राहत होते, डाय लावत होते, कुणी वय विचारलं की पटकन बोलत होते. आणि सगळ्यांना माहीत होतं.

पुढचं काम कागदांचं. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, आणि पुरावा लागतो. गावच्या जिल्हा परिषद शाळेत बाबा तिसरीपर्यंत शिकले होते. मुख्याध्यापक बाईंनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण नाव शाबूत. शाळेच्या दाखल्यावर आधार केंद्रात भागलं नाही, जन्माचा दाखला मागितला. तो तहसीलच्या जुन्या नोंदवहीवरून निघाला. त्या नोंदीत बाबांचं नावच नव्हतं, आजोबांचं नाव आणि पुढे नुसतं "मुलगा". तारीख शाळेच्या रजिस्टरशी जुळली म्हणून काम झालं. तिथला क्लार्क भला माणूस होता. मी मुकाट्याने एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जात होते, त्याने एकदा उठून मला पाणी दिलं.

मग वाट पाहणं. मी दिवसातून दहा वेळा मोबाइलवर अर्जाची स्थिती बघे. "प्रक्रियेत." बाबा भिंतीला टेकून बसलेले असत. आडवं झालं की दम लागे. त्यांच्या घोट्यांना सूज आली, डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी वाढवली. आमच्यात बोलणं फारसं नव्हतं. सतराव्या दिवशी आधार बदलून आलं. मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं.

कार्ड त्याच दुपारी काढलं. मागांवर झिजलेल्या बोटांचे ठसे उमटेनात. तुमच्याकडेही असं होईल, घाबरू नका, आधारला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येतो, नाहीतर चेहऱ्यावरूनही होतं. बाबांना डोळे मिचकावायला सांगितलं तर ते आणखीच ताठ बसले. चौथ्या वेळेला जमलं.

ठाण्याचा दवाखाना योजनेत होता. तिथे आरोग्यमित्र म्हणून योजनेचं माणूस बसतं, आधी त्याच्याकडे जायचं. प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनची आधी घ्यायची मंजुरी, दोन दिवसांत आली. अँजिओग्राफी झाली, शिरा मोकळ्या निघाल्या. ऑपरेशन पाच तास चाललं. मी बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. शेजारची बाई जप करत होती. मला देवाचं नावही सुचेना. डॉक्टर बाहेर आले, "टिश्यू व्हॉल्व्ह बसवली, हृदय आपणहून चालू झालं," म्हणाले. मी मान हलवली आणि त्यांना विचारलं, कॅन्टीन किती वाजता बंद होतं.

असं तुम्हालाही होईल. आपल्या माणसासाठी पळताना आतलं सगळं बधिर होतं. ते प्रेम कमी असल्याचं लक्षण नाही.

चार दिवस आयसीयू, मग वॉर्ड, अकराव्या दिवशी घर. ज्यांनी ज्यांनी एखादा कागद पुढे सरकवला, त्या सगळ्यांचे उपकार आहेत. आणि माझ्यासारख्यांना हात जोडून सांगणं: घरात म्हातारं माणूस असेल तर आजच आधारवरची जन्मतारीख बघा, मोबाइल नंबर जोडा, रेशनकार्डावर नाव चालू आहे का बघा. आजार आल्यावर हे करायला लागलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबा दुपारी झोपले. गाढ, चांगले तीन तास. मी त्यांना दिवसाउजेडी असं झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. दोनदा जवळ जाऊन छाती हलतेय ना ते पाहिलं. उठल्यावर चहा दिला, म्हटलं, "ड्युटीची आठवण येते का?"

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"न्हाय गो बाय," ते म्हणाले. "इतकी वर्सं नऊ वर्सांनी लहान होऊन उभा रायलो. लय दमलो होतो."

मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि पुष्कळ रडले.