नसलेल्या हाताची खंजिरी

बावीस वर्षं मी दर गुरुवारी मारुतीच्या देवळात भजनाला बसलो आणि दर गुरुवारी खोटा माणूस म्हणूनच घरी परतलो. देव ऐकत नसेल अशी शंका मला कधी आली नाही. तो ऐकतोय याचीच भीती होती. माझा धाकटा भाऊ मोतीराम, त्याचा उजवा हात धानाच्या मळणी यंत्रात कोपराखाली गेला. गावाला मी सांगितलं, पोरगा उतावळा, काम लवकर उरकावं म्हणून त्यानंच यंत्राच्या तोंडावरचं लोखंडी झाकण काढलं. झाकण मी काढलं होतं. मोतीराम शुद्धीवर आला तेव्हा त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. मी सांगितलं तेच त्यानं खरं मानलं. ‘असा हलगर्जी जावई नको’ म्हणत मुलीकडच्यांनी ठरलेली सोयरीक मोडली, तेव्हाही मी गप्प राहिलो.

मोतीराम आमच्या मंडळाचा खंजिरीवाला होता. हात गेल्यावरही तो भजनाला येई, माझ्याच शेजारी बसे, आणि ताल सुरू झाला की रिकाम्या बाहीत त्याचं थोटं उडू लागे. मला वाटे, हा मलाच दाखवतोय. मी डोळे मिटून घेई. लोक म्हणत, दादा किती तल्लीन होतात!

गेल्या हिवाळ्यात गोंदियाला दिव्यांगांना कृत्रिम हातपाय देणारं शिबिर होतं. मोतीरामला घेऊन निघताना मी मारुतीला म्हणालो, ‘माझ्यानं सांगवत नाही, आता तूच बघ.’ पोचलो तर टोकनं संपलेली. आम्ही परत फिरणार, एवढ्यात मंडपाच्या भोंग्यावर भजन लागलं आणि मोतीरामची बाही उडू लागली. कोपऱ्यातल्या टेबलावरची एक मुलगी लॅपटॉप सोडून धावतच आली. “काकाजी, ये हाथ कौन हिला रहा है? तुम्हीच?”

“खंजिरी वाजवून राहिलो बाई,” मोतीराम हसून म्हणाला.

तिनं त्याला बसवलं, थोटं पुसून त्यावर धातूच्या छोट्या बटणांचा पट्टा बांधला. स्नायू आवळला की त्यातली बारीकशी वीज हा पट्टा ओळखतो आणि संगणकाला कळवतो, असं तिनं समजावलं. हात आहे असं धरून मूठ मिटा, म्हणाली. पडद्यावरची सपाट रेघ एकदम उसळली! मग बाण सरकला, चित्रावर गेला, मूठ मिटताच चित्र उघडलं. कुणी काही शिवलं नव्हतं. ती मुलगी टाळ्या पिटू लागली. “लोकांना याला महिने लागतात, काका! स्नायू झोपून गेलेले असतात. तुमचे इतकी वर्षं जागे ठेवले कुणी?” तिनं काहीतरी जोडलं, म्हणाली, “आता वाजवा.” आणि लॅपटॉपमधून थाप पडली. धिन! पुन्हा थाप. भोंग्यावरच्या भजनाला मोतीरामचा ताल, तोच, बावीस वर्षांपूर्वीचा. भोवती गर्दी जमली. ज्या हालचालीकडे मी कधी बघू शकलो नाही, तिनंच तो हात जिवंत ठेवला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “मोत्या, झाकण मी काढलं होतं! तू नाही, मी!”

“थांब ना गा दादा,” तो पडद्यावरची नजर न काढता ओरडला, “ताल चुकून राहिला!”

गावी परतताना नवेगाव बांधच्या बसमध्ये मात्र त्यानं खिडकीबाहेर बघतच विषय काढला. म्हणाला, “मले वाटे, मीच काढलो. सोताले किती शिव्या देल्लो मी.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मले सांगून काय होते? खोटं गावात बोललास ना? मंग गावात सांग.”

त्या गुरुवारी भजनाआधी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पेटीवाल्याचा भाता थांबला. कुणी माझ्याकडे बघेना. मोतीरामच म्हणाला, “बसा जी आता. धरा भजन.”

जे गावात ऐकायला नव्हते त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे. मोतीरामनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. ते विचारण्याचा हक्क मला नाही. देवाकडे मी वर्षानुवर्षं खूण मागत होतो आणि खूण दिसू नये म्हणून डोळे मिटत होतो. आता फक्त डोळे उघडे ठेवतो, बाकी त्याच्यावर सोडलं आहे. त्या गुरुवारी माझं सांगून झाल्यावर भजन सुरू झालं, बाही उडू लागली, आणि मोतीराम अजून माझ्याच शेजारी बसला होता.