कडकताई आणि बटणची खाज

आमच्या ताईला अख्खी गल्ली कडकताई म्हणते. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. आमची लॉन्ड्री आहे. खाली दुकान, वर दोन खोल्या, मागे हौद आणि दोऱ्या. ती धुते, मी इस्त्री करतो. तिच्या स्वतःच्या शर्टाला खळ इतकी की कॉलरवर माशी बसली तर घसरून पडावी. चुरगळलेल्या कपड्यात तिला कुणी पाहिलेलं नाही. ताप आला तेव्हासुद्धा ती इस्त्रीचा शर्ट घालून झोपली होती.

धुण्याच्या बाबतीत तिचा एक नियम आहे. डाग दिसला की लगेच हात लावायचा नाही, आधी विचारायचं, कशाचा? गिऱ्हाइकाची ती अशी उलटतपासणी घेते की बिचाऱ्याला वाटावं, आपण चोरीच केली. "कधी पडला? कशाने पडला? वरून काय चोळलंत?" हा शेवटचा प्रश्न तिचा फार लाडका. "निम्मे डाग माणसं पुसून पुसून पक्के करतात," असं ती म्हणते, आणि खरंच आहे ते.

बटण हा आमचा कुत्रा. पिल्लू होता तेव्हा मळक्या कपड्यांच्या टोपलीत शिरून झोपला आणि उठल्यावर एका शर्टाची सगळी बटणं खाऊन बसला, म्हणून बटण. ताईने माणसांचे कधी लाड केले नाहीत, माझे तर नाहीच नाही, पण या कुत्र्यापुढे तिचा आवाज उतरायचा. ते बघून मला कधी हसू यायचं, कधी राग.

तर या बटणला खाज सुटली. आधी पोटाखाली लाल चट्टे, मग काखेत, मग कान. मागचा पाय जमिनीवर थप थप आपटत तो खाजवत बसायचा, आणि खाजवून झालं की पंजे चाटायचा. केस गेले, कातडी जाड आणि काळपट पडली, पाठीवरून कोंडा गळायला लागला. दिवसभर ती थपथप ऐकून माझं डोकं उठायचं. "गप बस रे!" म्हणून मी ओरडायचो, आणि तो माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघायचा की मलाच लाज वाटावी.

सल्ले द्यायला सगळी गल्ली हजर. न्हावी म्हणाला तेल चोळा, शेजारच्या वहिनी म्हणाल्या दही लावा, फुलवाली म्हणाली नजर लागली असेल. त्या चट्ट्यांच्या कुत्र्याला कोण नजर लावणार, हे तिने सांगितलं नाही. सगळे उंटावरचे शहाणे.

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र नीट बघितलं. कातडी खरवडून काचेवर घेतली, कान तपासले, गोचीड नाही, खरूज नाही म्हणाले. मग विचारलं, "झोपतो कशावर?"

"धुतलेल्या चादरीवर. रोज बदलते."

"कशाने धुता त्या?"

बस. ताईचा पारा चढला. "आमची लॉन्ड्री आहे, डॉक्टर. लोक आपले ठेवणीतले कपडे विश्वासाने माझ्याकडे टाकतात. माझ्या घरातली चादर अस्वच्छ असेल असं वाटतं तुम्हाला?"

"तसं नव्हे हो, मी..."

"स्वच्छ असतात!"

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि गोळ्या लिहून दिल्या. अंगाला लावायचा औषधी शॅम्पू दिला, एकाच प्रकारचं उकडलेलं खाणं सांगितलं. "पी हळद आणि हो गोरी असं कातडीच्या दुखण्यात होत नाही," हेही बजावलं. आम्ही मान डोलावून बाहेर आलो.

खाण्याचं पथ्य ताईने तुरुंगाधिकाऱ्यासारखं पाळलं. कोण बटणला काय देतं यावर तिची नजर. एकदा तर तिने न्हाव्याच्या बोटांचा वास घेऊन बघितला. गोळ्या चालू असेपर्यंत खाज थांबायची, नवे केस दिसायला लागायचे, ताई मला बोलावून बोलावून दाखवायची. गोळ्या संपल्या की ये रे माझ्या मागल्या. पुन्हा थपथप, पुन्हा चट्टे, पुन्हा डॉक्टर. नाकी नऊ आले आमच्या.

आणि तिचं धुणं! त्या औषधी शॅम्पूला डांबरासारखा वास. घरात वास ताईला कसा खपावा? मग बटणच्या अंघोळीच्या शेवटच्या पाण्यात ती ते गुलाबी, सुगंधी सॉफ्टनर टाकायची, जे आम्ही गिऱ्हाइकांच्या रेशमी आणि लोकरी कपड्यांनाच वापरतो. त्याच्या चादरींना तर दुप्पट. "त्याला मऊ लागायला हवं," म्हणायची. तो जितका खाजवायचा तितकी ती धुवायची, आणि ती जितकी धुवायची तितका तो खाजवायचा. मला वाटे, एक दिवस या दोघांना हौदात टाकावं आणि झाकण लावावं.

मग समोरच्या लॉजचा मॅनेजर आला. त्याच्या काळ्या कोटावर, मी इस्त्री करून दिलेल्या कोटावर, पांढरा कोंडा आणि केस. त्याने कोट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या धुण्याला तोड नाही. पण पाहुण्यांच्या चादरीत हे निघालं तर माझी नोकरी जाईल. कुत्रा तरी ठेवा, नाहीतर आमचं काम तरी."

लॉजवर आमचं निम्मं दुकान चालतं. आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच जास्त लागलं. मी इस्त्री इतकी जोरात आपटली की टेबल हाललं. ताईने तो कोट घेतला, ब्रशने साफ केला आणि त्याच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी तिने बटणला पुलापलीकडच्या लाकडाच्या वखारीत पाठवायचं ठरवलं. आमचा मामेभाऊ तिथे राखणदार आहे.

"बरा झाला की आणीन," ती म्हणाली.

"आणि नाही झाला तर?"

ती दोरीवरचे चिमटे काढत राहिली.

मामेभाऊ म्हणजे आळसाचा पुतळा. ऊन अंगावर आलं तर खाट सरकवायच्या ऐवजी तोंडावर टोपी ओढणारा. ताईने त्याच्याकडे कुत्रा दिला, गोळ्या दिल्या, शॅम्पूची आणि सॉफ्टनरची बाटली दिली आणि घडी घातलेल्या सुवासिक चादरींची ही चळत दिली. मग रोज फोन. "अंघोळ घातलीस?" "घातली ना ताई." "शेवटच्या पाण्यात टाकलंस?" "टाकलं ना." "चादर बदललीस?" "बदलली, बदलली." मी शेजारी उभा राहून मनात म्हणायचो, हा आणि चादर बदलणार! स्वतःचा शर्ट तरी बदलतो का?

ती स्वतः बरेच दिवस गेली नाही. "मला बघितलं की तो मागे लागेल," म्हणायची. हौदावर उभी राहून भलत्याच चादरी दोनदा धुवायची. शेवटी एका दुपारी मीच तिला ओढून नेलं.

वखारीत शिरलो तर खाटेवर मामेभाऊ घोरत पडलेला, खाली आमच्या दोन चादरी, अंगावर तिसरी, उशाला चौथी. आणि भिंतीकडेला मळक्या गोणपाटावर बटण. मला आधी तो दुसराच कुत्रा वाटला. पाठ केसांनी भरलेली. कान साफ. मी थांबून बघत राहिलो. तो खाजवत नव्हता.

ताईने मामेभावाला हलवून उठवलं. "अंघोळ?"

तो डोळे चोळत म्हणाला, "खरं सांगू का ताई? एकदाही नाही. पाणी आणायचा कंटाळा आला."

"चादरी?"

"इतका छान वास येत होता. कुत्र्याला कशाला, म्हटलं."

मला वाटलं, आता याची खैर नाही. पण तिने एकदा चादरींकडे बघितलं, एकदा गोणपाटाकडे, एकदा त्या सॉफ्टनरच्या बाटलीकडे; बाटली तशीच कोपऱ्यात होती, बूचही न उघडलेली, आणि शेजारी गोळ्यांचं पाकीटही तसंच. आयुष्यभर लोकांना विचारलेला तो प्रश्न तिच्या तोंडावर मला स्वच्छ दिसला. वरून काय चोळलंत?

"मीच," ती म्हणाली. "मीच रे. रोज."

तेवढ्यात बटणने तिला ओळखलं. शेपूट हलवत, सगळं अंग वळवत तो धावत आला. तिने हात पसरले, आणि तो अंगावर येणार इतक्यात झटकन मागे सरकली. "नको! माझ्या कपड्यांना वास आहे." तिने हात पाठीमागे धरले. बटण थांबला, तिच्याकडे बघत राहिला, मग जवळ येऊ लागला, आणि ती पुन्हा मागे. मागे लाकडांचा ढीग होता, त्याला ती टेकली. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. बाटलीचा, मामेभावाच्या नशीबवान आळसाचा आणि हो, तिचाही.

बटणला तिथेच ठेवून आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "मी तेव्हाच विचारलं होतं." ताई म्हणाली, "हो, विचारलं होतंत." एवढं ऐकून घेताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. सुगंधी काही नको, त्याच्या अंगाला लागणारं प्रत्येक कापड साध्या साबणाने धुवून दोनदा खळबळा, असं त्यांनी सांगितलं. घरी आल्यावर तिने बटण झोपायचा ती वरची खोली पुसून काढली. मग स्वतःचे दोन शर्ट घेतले, सॉफ्टनर नाही, खळ नाही, नुसत्या पाण्यातून पुन्हा पुन्हा काढले. वाळल्यावर मी सवयीने हात पुढे केला.

"इस्त्री नको," ती म्हणाली. "त्या टेबलाच्या कापडात खळ आणि वास, दोन्ही मुरलंय."

"अगं, निदान कॉलर तरी!"

"हात लावू नकोस."

आणि बटणला आणायला ती तशीच निघाली, भर बाजारातून, दुकानं उघडायच्या वेळी. पाठीवर पिळाच्या चुण्या, कॉलर एकीकडे पडलेली. न्हाव्याने वस्तरा धरलेला हात थांबवून विचारलं, "ताई, बरं नाही का?" लॉजचा मॅनेजर दारात उभा राहून बघत होता. फुलवालीने तर तोंडावर हात ठेवला. ताई सरळ चालत राहिली. मी मागून चाललो होतो, लाजेने मान खाली घालून.

वखारीच्या फाटकाशी ती खाली बसली, सरळ मातीत, आणि या वेळी मागे सरकली नाही.