झिजलेल्या तोंडाची जिवती

श्रावणातला शुक्रवार आला की ती घटना आजही आठवते. यंदा जास्तच आठवली, कारण ती काढून माझी चेष्टा करणारं माणूस आता घरात नाही.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि फौजदार होऊन निवृत्त झालो. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा हे लिहिणं ठाण्याच्या डायरीसारखं वाटेल, ते चालवून घ्यावं.

पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. मी लोणावळ्याला जमादार होतो. सकाळची हजेरी चालली होती, तोच एक म्हातारी मडम ठाण्यात आली. नवरा रेल्वेत इंजिनिअर. तो वारल्यावर ती विलायतेला न जाता इथंच बंगल्यात राहिली होती. तिच्या पोथीतलं एक पान चोरीला गेलं होतं.

एका पानाची फिर्याद म्हणून शिपाई हसले. मीही हसलो. बंगल्यावर जाऊन पोथी बघितली आणि हसू गेलं. वीतभर पोथी, तिला चांदीची कडी. आत हातानं काढलेली काळी अक्षरं, कडेनं वेली, पाखरं, आणि खऱ्या सोन्याचा वर्ख लावलेली चित्रं. मडम म्हणाली, विलायतेत छापखाने नव्हते तेव्हा मठातल्या साधूंनी ही लिहिली. लोहगडावर मावळ्यांचं निशाण लागलं त्याच्या किती तरी आधी. दिवसाच्या एकेका प्रहराची प्रार्थना तिच्यात होती. आईकडून लेकीला, लेकीकडून तिच्या लेकीला, अशी ती चालत आलेली. पानं कागदाची नव्हती, वासराच्या कातड्याची होती. हे शेवटचं मी पुढं एका बाईला कधीच सांगितलं नाही.

"पानाची ओळख काय?" मी विचारलं.

"येशूची आई. मांडीवर बाळ, निळा पदर. आणि तोंड पुसलेला," मडम म्हणाली.

मी तसं लिहून घेतलं. तोंड कशानं पुसलं ते विचारायचं सुचलं नाही.

संशय खानसाम्यावर होता. त्याला ठाण्यात बसवून दरडावलं. तो घाबरला नाही. "जमादारसाहेब, चोरायचंच असतं तर चांदीची कडी न्हाई का नेणार? पान नेऊन त्यात काय भजी बांधू?"

मला ते पटलं. पान कापलेलंही नव्हतं. शिवण कुजून ते आपोआप सुटलं होतं. मग नेलं कुणी, आणि कशाला?

रात्री जेवताना घरात बोललो. ठाण्यातलं घरी बोलू नये, पण मी बोलायचो. ही भाकरी थापत ऐकत होती.

"बाईच्या मांडीवर बाळ, भवती फुलं, असं चित्र ना?"

"हो."

"आणि महिना श्रावण. अहो, चोर कसला शोधताय? लेकुरवाळी शोधा."

जिवती म्हणजे लेकरांची राखण करणारी देवी. श्रावणात तिचं चित्र भिंतीला लावून दर शुक्रवारी पुजतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. असा माझा खबऱ्या घरातच होता.

सकाळी खानसाम्याला सोडताना विचारलं, "बंगल्यात लेकुरवाळी कोण?"

"झाडलोटीची बाई. पोराला ताप म्हणून लोहगडवाडीला गेलीय."

मळवलीला गाडीतून उतरून वर गेलो. दिवस शुक्रवारचा. पाटलांना बरोबर घेतलं. बाईच्या घरात पाळण्यावरच्या भिंतीला ते पान होतं. आघाड्याची माळ, कापसाचं वस्त्र, सोन्यावर कुंकवाची बोटं. पाळण्यात पोर झोपलं होतं.

बाईनं काही नाकारलं नाही. "खाली पडलं व्हतं. उचाललं."

"जिवती बाजारात छापील मिळते की."

"मिळती. दोन डाव तीच लावली व्हती. दोनी पोरं गेली माजी." मग पानाकडं बोट करून म्हणाली, "हिचं तोंड बगा. लय बायांचा हात लागलाय. ही जागती हाय. ताप उतरलाय त्याचा. आजचा दिस ऱ्हाऊ द्या, जमादार."

मी पंचनामा केला आणि पान धोतराच्या धुतल्या फडक्यात गुंडाळून घेतलं. बाई रडली नाही. तिनं पाळणा ओढून मोकळ्या भिंतीपासून लांब केला. नोकरीत शिव्या खाल्ल्या, दगड खाल्ले. त्यातलं काही इतकं लागलं नाही.

कुंकू बघून मडम ओरडेल असं वाटलं होतं. मी बाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग त्या पुसलेल्या तोंडावरून बोट फिरवत म्हणाली, "बाई खरा बोलते. माझा आई रोज हितं मुका घ्यायची. तिची आई पण. माझा मुलगा लढाईत होता, तेव्हा मी पण."

"मग?"

"तो नाय आला." तिनं पोथी मिटली. "लिहा. पान मी दिला होता. विसरली."

खोटं होतं. मी लिहून घेतलं आणि खाली तिची सही घेतली. कुंकू पुसून देऊ का विचारलं, तर नको म्हणाली.

घरी येऊन हे सांगितलं. आम्हाला मूल नव्हतं. तरी ही दर श्रावणात जिवती पुजायची, पोलीस लाइनीतली झाडून सगळी पोरं ओवाळायची. जिवती तिच्या आईनं दिलेली, चौकटीतली, काचेवर कुंकवाचा थर. तिनं ती खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली.

"त्या बाईला द्या. म्हणावं छापीलच आहे, पण हिलाही लय हात लागलाय."

मी त्याच दिवशी परत वर गेलो. पोर जगलं. कशानं जगलं ते मी सांगू शकत नाही, ते पंचनाम्यात बसत नाही.

नव्या पोलिसांना मी एवढंच सांगे, की वस्तू कुठं झिजली ते आधी बघा. माणूस तिथं सापडतो.

हिनं पुन्हा जिवती आणली नाही. आम्ही तळेगावला घर केलं, तिथंही तिनं नुसता खिळा ठोकला आणि श्रावणात खिळ्याखालच्या भिंतीलाच कुंकू लावत राहिली. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दसऱ्याला चुना लावायला माणूस आला, म्हणाला, "आबा, हा लाल डाग खरवडून काढतो."

मी म्हणालो, तेवढी जागा सोड, बाकी भिंत पांढरी कर.