तेल्यावरची फवारणी

माझा मुलगा हट्टी आहे आणि त्याला डोकं कमी आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

टेंभुर्णीजवळ आमची एकरभर डाळिंबाची बाग आहे. दोन बहार तेल्या रोगानं खाल्ले. पानाफळांवर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं. हाही बहार गेला तर मुलगा बाग उपटणार होता. झाडं मी लावलेली. उपटायची भाषा मला सहन होत नव्हती.

नात कृषी कॉलेजात शिकते. सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "आजी, झाडाच्या पेशीत प्रथिनं असतात. रोग शिरला की त्यातल्या काहींना फॉस्फेटचा बारीक तुकडा चिकटतो. प्रथिन तेच, पण तुकडा चिकटला की कामाला लागतं. काम झालं की झाड तो तुकडा काढून टाकतं."

"न्हाय काढला तर?"

"तर लढतच बसतं. वाढायचं, फुलायचं राहून जातं."

चौथी शिकलेल्या मला एवढं कळलं. तिच्या बापाला कळलं नाही. झाडाला आधीच सावध करणारी एक फवारणी असते. ती तिनं महिन्यातून एकदा मारायला सांगितली होती. ती कॉलेजला परत गेली आणि हा दर चौथ्या दिवशी मारू लागला.

पानं स्वच्छ राहिली. शेजारी बघायला यायचे, हा मिशीत हसायचा. कळी मात्र पिवळी पडून गळत होती.

"आये, एक डाग दाव."

"तू एक फळ दाव."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुज्या लेकीला कळतंय. तिला फोन लाव की."

लावला नाही. लेकीला विचारायची लाज वाटते त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पुन्हा पिंपात औषध कालवलं. मी कोयता घेतला आणि पंपाची नळी तीन जागी कापली.

"म्हातारी चळली," तो शेजाऱ्यांकडं बघून म्हणाला.

"चळू दे. आता मार फवारा."

बांधावरचे हसले. तो दोन दिवस घरी जेवला नाही. मीही बागेत डबा नेला नाही.

नवी नळी त्यानं आणली नाही. मागून आलेली कळी टिकली, थोडं फळ धरलं. चार फळांवर तेल्या आलाच. ती मी तोडून लांब नेऊन जाळली. त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बाग यंदा उपटत नाही, हे मला सुनेकडून कळलं.