वंशावळीवरचे न्यायाधीश मामा

माझा मुलगा उद्या चारचौघांत तोंडघशी पडणार, या धास्तीने मला चैन पडत नाही. तो शिंपी आहे. कोटाची बाही बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. उद्या संध्याकाळी आमच्या सिनेगॉगच्या सभागृहात ज्यू घराण्यांच्या वंशावळींचं प्रदर्शन आहे. त्याने आमची वंशावळ कापडावर शिवली आणि माझ्या नावाशेजारी एका नामवंत ज्यू न्यायाधीशांचा फोटो टाचला.

"हे इथे कशाला?" मी विचारलं.

"अगं आई, मामा ना ते माझे? तूच सांगायचीस!"

सांगायचे खरी. लहानपणी तो गणिताला बसेना, तेव्हा "बघ, मामा केवढे मोठे झाले!" असं मी रोज ठोकून द्यायचे. पुढे खरं सांगायचं राहूनच गेलं. आता उद्घाटनाला नेमके तेच येणार आहेत आणि या भाच्याने त्यांच्यासाठी अंदाजाने कोटही शिवलाय!

निमंत्रणपत्रिकेवर त्यांच्या कार्यालयाचा नंबर आहे. सकाळी दहाच्या ठोक्याला फोन करणार: "साहेब, एका संध्याकाळपुरते माझे भाऊ व्हाल का? आणि कोट मिळेल, त्याला कृपया लाच समजू नका."