परबसरांचे कान

शिकवणी संपली की परबसर सिंथेसायझरचे सगळे नॉब शून्यावर आणायचे. तासभर खपून मी घडवलेला आवाज माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकायचे आणि वर म्हणायचे, "पुढच्या वेळी परत कर." त्या जुन्या यंत्रात आवाज साठवायची सोयच नव्हती. व्हायोलिनचा ताफा, बासरी, घंटा, जे हवं ते तीसेक नॉब फिरवून दर वेळी नव्याने उभं करायचं. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत पलंगापेक्षा यंत्रालाच जास्त जागा होती.

मी ऑफिस सांभाळून ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवायचे. माझा आवाज जरा चुकला की सर शेजारपाजारी ऐकू जाईल अशा बेताने ओरडत, "देवान तुका कान कुड्यो घालूक दिल्यान काय गो?" एकदा मी रडले, तर माझ्या मुसमुसण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यो आवाज बरो लागता. ह्योच काढ." माणूस दुष्टच होता, पण त्यांच्यासारखा व्हायोलिनचा ताफा मुंबईत दुसरं कोणी लावत नव्हतं.

दादरच्या एका स्टुडिओला जाहिरातीसाठी नेमका तोच आवाज हवा होता आणि त्यांच्याकडे सरांच्यासारखंच यंत्र होतं. ते काम जमलं तर मी नोकरी सोडणार होते. आदल्या शिकवणीला सरांनी ताफा लावला, चहा टाकायला उठले आणि मी मोबाइलवर नॉबांचा फोटो काढला.

स्टुडिओत फोटो बघून एकेक नॉब लावला आणि पट्टी दाबली. पातेलं खरवडल्यासारखा आवाज आला. काय चुकलं ते मला कळेना. शेवटी लाज गुंडाळून सरांना फोन केला. ते टॅक्सीने आले, फोटो पाहिला आणि खो खो हसले. त्यांनी स्वतःच्या यंत्रावरच्या नॉबच्या टोप्या काढून मुद्दाम वाकड्या बसवल्या होत्या. खूण एकीकडे, नॉब भलतीकडे. "फोटो काढणारे खूप बघितलेत मी," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "डोळ्यांनी शिकूक येतंस माझ्याकडे?"

पाच मिनिटांत त्यांनी ताफा लावला. सगळे वा वा म्हणाले. मी अपमानाने डोळे मिटून घेतले होते, म्हणून असेल, पण पहिल्यांदाच नीट ऐकलं. त्या सुरेल आवाजाच्या पार वर एक बारीक शिट्टी वाजत होती. कोपऱ्यात घेऊन हळूच सांगता आलं असतं. मी सगळे गप्प होईपर्यंत थांबले.

"सर, वर शिट्टी वाजतेय. तुम्हाला ती ऐकूच येत नाही."

सरांनी वळून रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. "खरा?"

तो त्यांचा जुना माणूस. खाली मान घालून म्हणाला, "दोन वर्षं झाली, सर. रेकॉर्डिंग झालं की ती शिट्टी आम्ही इकडून कापतो."

सरांनी एक नॉब फिरवला. "आता?"

"आहे," मी म्हणाले.

दुसरा फिरवला. "आता?"

"आहे अजून."

ते खुर्चीवरून उठले. मी बसले, शिट्टी शोधली आणि बंद केली. काम मला मिळालं, नोकरीही सुटली. नंतर दोनदा मी लालबागला गेले, सरांनी दार उघडलं नाही. यंत्र त्यांनी विकलं म्हणे. गेल्या वर्षी ते वारले. मी त्या दिवशी खोटं काहीच बोलले नव्हते. पण त्यांना लागावं एवढ्यासाठीच बोलले होते, आणि फार लागलं.