मशालीच्या स्वागताला उघडे हात

वहिनींच्या बोटांना जे झालं ते माझ्यामुळे झालं, आणि त्यानंतर मी खोटं बोललो. पहिली चूक मूर्खपणाची होती, दुसरी भित्रेपणाची. दुसरीची लाज जास्त वाटते.

त्या हिवाळ्यात सगळ्या कॅनडाला ऑलिंपिकचा ताप चढला होता. खेळ व्हायचे होते तिकडे व्हँकुव्हरला. आम्ही टोरोंटोजवळच्या एका गावात, मध्ये जवळजवळ अख्खा देश. पण मशाल देशभर फिरणार होती, आमच्या मुख्य रस्त्यावरूनही जाणार होती, म्हणून आम्हीही यजमान. जो तो यजमान. शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवरच्या बर्फाला कधी फावडं न लावलेली माणसंही जगाचं स्वागत करायला निघाली होती. गावात स्वागत समिती झाली आणि समितीला बर्फावर उठून दिसतील असे रंग हवे झाले. म्हणजे आम्ही.

मी तेव्हा मराठी मंडळाचा सचिव होतो. बैठकीला टाय लावून गेलो आणि लॅपटॉपवर आमच्या गणपतीतल्या लेझमीचा व्हिडिओ दाखवला. नऊवारी पाहून समितीच्या बाई "सो व्हायब्रंट!" म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, "पण डिसेंबरात या बायकांना थंडी नाही का वाजणार?"

मी हसून म्हणालो, "आमच्या बायका काटक असतात." हे कोण म्हणालं, तर ज्याच्या गाडीची सीटसुद्धा गरम होत होती तो.

लेझमीचं पथक वहिनींचं. वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको, साताऱ्याकडची. इथे येऊन पुन्हा परीक्षा देऊन त्यांना नुकतीच एका लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी लागली होती, अजून प्रोबेशनवर होत्या. तालीम आमच्या बेसमेंटमध्ये चालायची. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या लेझमीची मूठसुद्धा लोखंडाची आहे. बाहेर हातमोजे घालू द्या."

"नऊवारीवर हातमोजे? वहिनी, टीव्हीवर कसं दिसेल ते!"

"आणि बोटं गळून पडली तर कसं दिसेल?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो, आणि नाहीच म्हणालो. "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे," असंही वर म्हणालो.

मशाल उशिरा आली. तोवर आमच्या बायका फुटपाथवर उभ्या, अंगात थर्मल, वर नऊवारी, हातात थंडगार लोखंड. समोर गर्दी, आणि गर्दीतल्या प्रत्येकाच्या हातात त्या खेळांसाठी विकायला काढलेले मिटन्स, म्हणजे चार बोटांना एकच पिशवी असलेले जाड लाल हातमोजे. एका बाईने तर कुत्र्याच्या पट्ट्यालाही जोडी अडकवली होती. माझ्याही हातात तेच होते. आधी आले प्रायोजकांचे ट्रक. त्यांच्यावर नाचणारी पोरं, कानठळ्या बसवणारं संगीत, फुकट वाटायची झेंड्यांची भेंडोळी. लेझीम सुरू होती, पण तिचा आवाज लेझीम खेळणाऱ्यांना तरी आला की नाही कोण जाणे. मग मशाल घेऊन एक माणूस धावत गेला. झालं. आलं आणि गेलं. त्याचा फोटो काढायला मी एक मिटन काढून तोंडात धरला होता आणि बायकांकडे माझी पाठ होती.

वळलो तर वहिनींना लेझीम सोडता येत नव्हती. माझी बायको त्यांची बोटं एकेक करून सोडवत होती. टोकं मेणासारखी पांढरी पडली होती.

पुढे फोड आले, ते बरेही झाले, पण बोटांच्या टोकांची जाणीव परतली नाही. रक्त काढताना शीर बोटानेच शोधावी लागते. लॅबने त्यांना रजेवर पाठवलं, आणि प्रोबेशनवरच्या माणसाची रजा म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. मंडळातले लोक मला विचारू लागले. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं हो हातमोजे घाला म्हणून. वहिनींनाच हौस." वाक्य सोपं होतं, पटकन पसरलं, वहिनींच्या लॅबपर्यंतही.

ते बायकोच्या कानावर आलं. ती एवढंच म्हणाली, "मी तिच्या शेजारीच उभी होते ना रे त्या तालमीत. मलाही हेच सांगणार आहेस?"

जानेवारीत आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायको वहिनींना घरी जाऊन बोलावून आली, म्हणून त्या आल्या. रीतीप्रमाणे बायका वर, पुरुष बेसमेंटमध्ये पोह्यांच्या बशा घेऊन टीव्हीसमोर. व्हँकुव्हरला पुरेसा बर्फच नाही, ट्रकने आणावा लागतोय, अशी बातमी चालू होती.

"आमच्या ड्राइव्हवेवरचा न्या म्हणावं, फुकट!" एकजण म्हणाला. सगळे हसले.

"हौस, दुसरं काय," दुसरा म्हणाला. "आपल्या वहिनींना नडली तशी."

पुन्हा हसले. वहिनींचा नवरा तिथेच बसला होता. त्याने बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला असता तर मी कदाचित भांडलो असतो.

मी म्हणालो, "मी त्यांना हातमोजे घाला असं कधीच सांगितलं नव्हतं. उलट त्या मागत होत्या, मीच नको म्हणालो." मग जिना चढून वर गेलो. हळदीकुंकवात पुरुष वर येत नाहीत, सगळ्यांच्या माना वळल्या. वहिनी सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, वाणाची वाटी दोन्ही तळव्यांत धरून.

"काय भाऊजी, चहा हवाय का खाली?" त्यांनी विचारलं.

"नको. वहिनी, तुम्ही हातमोजे मागितले होते, मी घालू दिले नाहीत. वर सगळीकडे सांगत फिरलो की चूक तुमची. तुमच्या लॅबमध्ये येऊनही मी हे सांगेन. माझं चुकलं. मला माफ करा."